कोकणच्या दमट हवेत ज्येष्ठमध: काडी, पूड, शिरा की गोळ्या?

चिपळूण असो, कुडाळ असो की मालवण, काष्ठौषधीच्या दुकानात ‘खोकल्यावर ज्येष्ठमध द्या’ म्हटलं की दुकानदार विचारतो, ‘कसला देऊ?’ गोणीतली काडी असते, पाकिटातली पूड असते, कुठे कुठे मुळं आटवून केलेला काळा घट्ट अर्क, म्हणजे शिरा, मिळतो, आणि काउंटरवरच्या बरणीत चघळायच्या गोळ्या तर असतातच. चारही ज्येष्ठमधच, पण घशाला मिळणारा गुण चौघांचा सारखा नाही आणि आपल्या हवेत टिकण्याची ताकदही सारखी नाही. आधीच सांगून टाकतो: काडी घ्या. पूड हवी असेल तर त्याच काडीची घरी करा. शिरा जपून वापरा, आणि गोळ्यांना औषध न म्हणता खाऊ म्हणा.

ज्येष्ठमध आपल्या मातीतला नाही, हे आधी ध्यानात घ्यावं. ग्लिसिरायझा ग्लॅब्रा ही शेंगवर्गीय झुडपाची जात. तिला कोरडी हवा, खोल भुसभुशीत जमीन आणि कडक थंडी-उन्हाळा मानवतो. त्यामुळे भारतातला बराचसा माल अफगाणिस्तान, इराण आणि मध्य आशियातून येतो. तीन-चार वर्षांचं झुडूप झालं की मुळं आणि जमिनीखाली आडवे पळणारे धावते खोड खणून काढतात, तुकडे करून वाळवतात. इतक्या कोरड्या मुलखातली ही काडी रत्नागिरी-सिंधुदुर्गात उतरते ती 80-90 टक्के आर्द्रतेच्या हवेत. कोकणातल्या ज्येष्ठमधाच्या निम्म्या तक्रारी तिथेच सुरू होतात.

काडी निवडताना ती वाकवून बघा. चांगली वाळलेली काडी कडकन मोडते, मोडलेल्या जागी लांब धागे सुटतात आणि थोडी पिवळी धूळ उडते. नुसती लवली, मोडलीच नाही, तर तिने दमट हवा शोषली आहे. वजनाला ती जास्त भरते आणि आठवड्याभरात बुरशी धरते. बाहेरची साल करडी-तपकिरी आणि उभ्या सुरकुत्यांची असावी, आतला गाभा पिवळाधमक. कापलेल्या तोंडाकडे नीट पाहिलं तर मधोमधून बाहेर जाणाऱ्या किरणांसारख्या रेषा दिसतात. मध्यभागी बारीक मगज दिसला तर ते धावतं खोड, नसला तर मूळ. औषधाला दोन्ही चालतात, त्यावरून दुकानदाराशी भांडायचं कारण नाही. गाभा पांढरट किंवा तपकिरी पडला असेल, तोंडाशी टाचणीएवढी भोकं दिसत असतील आणि गोणीच्या तळाला पिवळा भुसा साठला असेल, तर आत किडा आहे. गोड मूळ असल्याने या मालाला कीड फार लवकर लागते. जाडी पेन्सिलीएवढी किंवा करंगळीएवढी बघून घ्या. अंगठ्यापेक्षा जाड काड्या जून आणि लाकडी निघतात, सुतळीसारख्या बारीक काड्यांत सालच जास्त असते.

मग चव. काडीची खरी ओळख जिभेवरच पटते. बारीक तुकडा दाढेखाली धरला की आधी मातकट, किंचित तुरट लागतं. गोडी दोन-चार क्षण उशिरा येते आणि मग घशाशी बराच वेळ रेंगाळते. यातलं ग्लिसिरायझिन हे मुख्य द्रव्य साखरेच्या सुमारे 50 पट गोड असतं, पण त्याची गोडी अशीच सावकाश चढते आणि सावकाश उतरते. जिभेला लागताक्षणी गोड वाटलं आणि पटकन विरलं, तर ती साखरेची गोडी समजावी. पुडीच्या बाबतीत हीच परीक्षा सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

कोकणात आणखी एक गोष्ट सांभाळायची, ती म्हणजे गुंज. लाल-काळ्या बियांचा हा वेल आपल्याकडे कुंपणाकुंपणावर असतो. त्याचा पाला गोड लागतो, विड्यात घालतात, घसा मोकळा करायला चघळतात. त्याचं मूळही गोडसर असल्याने ज्येष्ठमध म्हणून किंवा ज्येष्ठमधात मिसळून विकलं जातं. गुंजेच्या मुळाचा गाभा तितका पिवळा नसतो आणि गोडीच्या मागून जिभेवर चरचरीत कडवटपणा राहतो. अशी काडी परत करा. आणि घरच्या वेलाचं मूळ खणून ‘आपला गावठी ज्येष्ठमध’ म्हणून अजिबात वापरू नका. गुंजेच्या बियांत अ‍ॅब्रिन हे जीवघेणं विष असतं, खणताना-वाळवताना ते बी पोरांच्या हाती लागायला वेळ लागत नाही.

काडी वापरायच्या दोन रीती आहेत, आणि दोन्ही सोप्या. पहिली चघळायची. तीन-चार सेंटीमीटरचा तुकडा धुऊन, वरची साल सुरीने खरवडून दाढेत धरा. चावून चोथा करण्याची घाई नको. लाळेबरोबर रस हळूहळू घशाखाली उतरू द्या. अर्ध्या तासात त्याचा कुंचला होतो, मग थुंकून टाका. धागे गिळले तर घशाला टोचतात आणि ढास उलट वाढते. सिंधुदुर्गातल्या दशावतारात नटांना रात्रभर गद्य-पद्य संवाद खड्या आवाजात म्हणावे लागतात, डबलबारीच्या, म्हणजे भजनी सामन्याच्या, बुवांना पहाटेपर्यंत गजर धरावा लागतो. अशा गळ्यांना काडी चघळणं फार मानवतं, कारण तिथे घसा सतत ओला राहण्याला महत्त्व असतं. लहान मुलांच्या हाती मात्र काडी देऊ नये. तुकडा तुटून श्वासनलिकेत अडकण्याची भीती खरी आहे.

दुसरी रीत ओतणीची, घरगुती खोकल्याला जास्त उपयोगाची. पेन्सिलीएवढ्या जाडीचा बोटभर तुकडा साधारण दीड ग्रॅम भरतो. तो खलबत्त्यात घाव घालून उभा चिरफाळा. पूड करू नका, धागे सुटेपर्यंतच ठेचा. 150 मिलिलिटर पाणी, म्हणजे एक चहाचा मोठा कप, खळखळून उकळून गॅस बंद करा. त्यात ठेचा टाका आणि झाकण ठेवून 10 ते 15 मिनिटं मुरू द्या. मग फडक्यातून गाळा. रंग गवतासारखा फिका पिवळा यायला हवा. कोमट असताना घोट घोट प्या, प्रत्येक घोट क्षणभर घशाशी थांबवून. दिवसातून दोन वेळा पुरे.

इथे सर्रास दोन चुका होतात. पहिली, ज्येष्ठमध आल्या-मिऱ्यांबरोबर अर्धा तास रटरट उकळत ठेवायचा. सालीतला कडवटपणा उतरतो, गोडी दबते, वर फेस येऊन भांडं उतू जातं. फेस येणारच, कारण ग्लिसिरायझिन हे साबणासारखं फेसाळणारं द्रव्य आहे. आलं, मिरी, लवंग घालायचीच असेल तर ती आधी पाच-सात मिनिटं उकळून घ्या आणि ज्येष्ठमध शेवटी, गॅस बंद केल्यावर टाका. शास्त्रोक्त काढ्यात भरड औषध 16 पट पाण्यात आटवून आठवा हिस्सा उरवतात. ती कृती वैद्याने सांगितलेल्या मिश्रणांसाठी ठीक, एकट्या ज्येष्ठमधाला इतकं आटवण्याची गरज पडत नाही. दुसरी चूक आंबट घालण्याची. सवयीने वरून लिंबू पिळलं जातं किंवा कोकमाचं आगळ पडतं. आंबट पडलं की ग्लिसिरायझिन पाण्यात नीट विरघळलेलं राहत नाही, ओतणी गढूळते आणि औषधाचा अंश गाळात जातो. शिवाय सुजलेल्या घशाला आंबट झोंबतं ते वेगळंच.

पुडीचा नंबर दुसरा, तोही घरच्या पुडीचा. पाकिटातल्या पुडीत काय दळलंय ते डोळ्यांना कळत नाही. साल काढलेल्या काडीची पूड फिकी पिवळी असते, सालीसकट दळलेली तपकिरीकडे झुकते. दोन्ही चालतील. हळदीसारखा झगझगीत पिवळा रंग असेल तर मात्र ठेवून द्या. अर्धा चमचा पूड बाटलीत कोमट पाण्यात घालून 15 सेकंद जोरात हलवली तर दाट फेस यायला हवा आणि काही मिनिटं टिकायला हवा. फेस आलाच नाही तर माल जुना किंवा पातळ केलेला. फेस आला म्हणून माल शंभर टक्के खरा असंही नाही, कारण रिठा-शिकेकाईलाही फेस येतो. म्हणून फेस आणि उशिरा येणारी गोडी, या दोन्ही परीक्षा एकत्र करा. आयोडीनचा थेंब टाकून ‘निळं झालं, म्हणजे पिठाची भेसळ’ असं सांगणारे व्हिडिओ फिरतात, त्यावर जाऊ नका. ज्येष्ठमधाच्या मुळात मुळातच स्टार्च असतो, अस्सल पूडही निळी पडणारच.

घरी पूड करताना काड्या दोन-तीन दिवस कडक उन्हात तापवा. पावसाळ्यात ऊन मिळालं नाही तर मंद तव्यावर हाताला चटका बसेल इतपतच गरम करा, भाजू नका. मग अडकित्त्याने बारीक तुकडे करा, मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा आणि मलमलीतून वस्त्रगाळ करा. नुसत्या चाळणीने भागत नाही. चाळणीतून सुटलेले बारीक धागे घशात खाजतात, आणि ‘ज्येष्ठमध घेतला की खोकला वाढतो’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा तेच असतं. दुसरं कारण घेण्याच्या पद्धतीत आहे. कोरडी पूड तोंडात टाकली की श्वासाबरोबर आत जाते आणि ठसका बसतो. पाव सपाट चमचा, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, अर्धा चमचा मधात किंवा तुपात कालवून बोटाने चाटा, दिवसातून तीन वेळा. त्यावर लगेच पाणी पिऊ नका. घशावर बसलेला लेप हाच तर गुण, पाण्याने तो धुऊन जातो. एक वर्षाखालच्या बाळाला मध कशातूनही द्यायचा नाही.

शिरा म्हणजे मुळं उकळून, गाळून, आटवून केलेला काळा घट्ट अर्क. वाटाण्याएवढा तुकडा तोंडात विरघळवला की घसा लगेच निवतो, याबद्दल वाद नाही. पण यात मुळातलं द्रव्य कितीतरी पटींनी एकवटलेलं असतं आणि किती, ते वेष्टनावर सहसा लिहिलेलं नसतं. काडी चघळून जास्त मात्रा जायची तर जबडा आधी दमतो, शिऱ्याच्या दोन खड्यांत ती सहज जाते. पावसात तो चिकट होऊन कागदाला धरतो. गळ्यावर जगणाऱ्यांनी प्रयोगाच्या दिवशी एखादा खडा जवळ ठेवावा, घरोघरी ठेवायची ही वस्तू नव्हे. गोळ्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. घटकांची यादी वाचली की साखर पहिली दिसते, मग पुदिन्याचं सत्त्व, आणि ज्येष्ठमध शेवटाकडे. साखर चघळल्याने लाळ सुटते आणि तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मधुमेह असणाऱ्यांनी टाळाव्यात. सितोपलादी चूर्णात ज्येष्ठमध असतो असा बऱ्याच जणांचा समज आहे, तो मात्र चुकीचा आहे. त्यात खडीसाखर, वंशलोचन, पिंपळी, वेलदोडा आणि दालचिनी 16, 8, 4, 2, 1 या प्रमाणात असतात.

आता मुख्य प्रश्न, कुठल्या खोकल्याला? घसा कोरडा, खवखव, बोलताना ढास लागते, रात्री आडवं झालं की टोचतं, अशा कोरड्या खोकल्याला ज्येष्ठमध चपखल बसतो. चरकसंहितेत घशाला हितकर अशा कंठ्य गणाच्या दहा द्रव्यांत तो ‘मधुक’ नावाने आहे. आधुनिक पुरावाही खोकल्यापेक्षा घशाच्या बाजूने जास्त बोलतो. शस्त्रक्रियेत नळी घातल्यावर घसा दुखतो, तो कमी व्हावा म्हणून लखनौमध्ये केलेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांना भूल देण्याच्या 5 मिनिटं आधी अर्धा ग्रॅम ज्येष्ठमध 30 मिलिलिटर पाण्यात कालवून गुळण्या करायला दिल्या होत्या. नंतरची घसादुखी आणि खोकला दोन्ही कमी आढळले. घरी हेच प्रमाण धरा: अर्धा सपाट चमचा वस्त्रगाळ पूड अर्धी वाटी कोमट पाण्यात, नीट ढवळून, अर्धा-अर्धा मिनिट गुळणी. रक्तदाबामुळे ज्येष्ठमध पोटात घेता येत नाही त्यांनी वैद्याला किंवा डॉक्टरला विचारून गुळण्या करून थुंकून टाकाव्यात, हा त्यातल्या त्यात बरा मार्ग.

छातीत चिकट कफ भरला असेल, घरघर असेल, तिथे एकटा ज्येष्ठमध कमी पडतो. तिथे परसातला अडुळसा हाताशी असतो. त्याची दोन पिकली पानं उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून, गॅस बंद केल्यावर त्यात ज्येष्ठमध टाकला तर अडुळशाचा कडूपणाही सोसतो. कफ सुटायला देतात त्या ब्रोमहेक्सिन-अ‍ॅम्ब्रोक्सोल या औषधांचं मूळ अडुळशातल्या व्हॅसिसीनकडे जातं. गरोदरपणी अडुळसाही नको आणि ज्येष्ठमधही नको.

मात्रेबाबत ढिलाई करू नये. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे अधिकृत औषधकोशात, पुडीची मात्रा 2 ते 4 ग्रॅम दिली आहे. युरोपात ग्लिसिरायझिनची रोजची मर्यादा 100 मिलिग्रॅम मानतात. काडीत ते 4 टक्के धरलं तर अडीच ग्रॅम काडीतच 100 मिलिग्रॅम होतात. ही मर्यादा रोज, वर्षानुवर्षं खाणाऱ्यांसाठी आहे, चार दिवसांच्या औषधाला थोडी सूट मिळते. म्हणून धडधाकट मोठ्या माणसाने दिवसाला 3 ग्रॅमपर्यंत, आणि सलग आठवडाभरच घ्यावा. चहात रोज काडी टाकण्याची सवय लावून घेऊ नये. ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातल्या एका एन्झाइमला अडवतं. त्यामुळे शरीरातलं कॉर्टिसोल मीठ धरून ठेवणाऱ्या हॉर्मोनसारखं वागू लागतं, सोडियम आणि पाणी साठतं, पोटॅशियम लघवीतून जातं. रक्तदाब चढतो, पाय सुजतात, स्नायूंत अशक्तपणा येतो, हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. कोकणी ताटात सुकं, खारं, लोणचं, पापड यांतून मीठ आधीच भरपूर जातं, त्यात ही भर पडते. उच्च रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार, लघवी जास्त व्हायची गोळी, हृदयासाठीची डिगॉक्सिन, स्टिरॉइड, यांपैकी काहीही चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ज्येष्ठमध पोटात घ्यायचा नाही.

रक्तदाबाच्या रुग्णांत हमखास होणारी एक गफलत वेगळी सांगायला हवी. एनालाप्रिल, रामिप्रिल या गटातल्या गोळ्यांनी काहींना चिवट कोरडा खोकला लागतो. तो कुठल्याच काढ्याने जात नाही, आणि त्यावर ज्येष्ठमध घेत राहिलं तर खोकला तसाच राहून रक्तदाब वाढतो. गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. कोणाचाही खोकला दोन आठवड्यांपुढे गेला तर बेडक्याची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि उपचार मोफत होतात. बेडक्यात रक्त, धाप, रात्रीचा ताप किंवा वजन घटणं असेल तर दोन आठवडेही थांबू नका.

राहिली साठवण. वर्षाची काडी एकदम भरू नका, 50 ग्रॅम घेतली तर चौघांच्या घराला एक हंगाम पुरते. मे महिन्यात घेतली असेल तर मृगाआधी दोन उन्हं देऊन, पूर्ण निववून, रबराच्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा. गरम काडी भरली तर आतल्या आत घाम सुटतो. तळाला मूठभर तांदूळ कोरडे भाजून, गार करून, फडक्याच्या पुरचुंडीत ठेवा आणि पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी ते तांदूळ पुन्हा भाजून घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेली काडी श्रावणापर्यंत मऊ पडतेच. पूड महिनाभर पुरेल एवढीच करा, गोळे झाले की टाकून द्या. फ्रिजमध्ये ठेवलीत तर बरणी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, नाहीतर हवेतलं बाष्प पुडीवरच जमतं.

उघडीप पडल्यावर बरणी उघडून एकेक काडी उजेडात फिरवून बघा. खाचेत पांढरी किंवा हिरवट लव दिसली की फडक्याने पुसून, धुऊन, वाळवून ती परत वापरण्याचा मोह होतो. तसं करू नका. ज्येष्ठमधावरच्या बुरशीतून ऑक्रॅटॉक्सिन हे मूत्रपिंडाला घातक विष तयार होऊ शकतं. युरोपात मुळातल्या या विषासाठी किलोमागे 20 मायक्रोग्रॅमची मर्यादा ठरवलेली आहे, आणि उकळल्याने ते जात नाही. अशी काडी, आणि तिला चिकटून असलेल्या शेजारच्या दोन-चार काड्याही, सरळ माडाच्या आळ्यात टाका. बरणी गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवल्यावरच नवी भरा.